कुंपणातला दोन सुरांचा पक्षी

पूर्ण नाव : गल्लीत तराजूआप्पा, घरात ‘अहो’, नातीच्या तोंडी आबा आणि कुंपणापलीकडून व्याहीबुवा. जन्म १९४१, मृत्यू २०१९. व्यवसाय : वजनमापे खात्यात निरीक्षक, पुढे सेवानिवृत्त, आणि त्याच्याही पुढे बागेतल्या पक्ष्यांचे स्वयंसेवक गणक. या तीन पदांपैकी शेवटचे बिनपगारी होते, आणि आप्पांनी सर्वांत कसोशीने सांभाळले तेही तेच.

आप्पांच्या स्वभावाचे मूळ त्यांच्या नोकरीत होते. दुकानदाराची वजने तपासताना निरीक्षकाने प्रत्येक नग तोंडाने मोजावा, म्हणजे मागाहून “साहेब, एक वजन तुम्ही गाळलंत” असा वाद उरत नाही, हा त्यांच्या खात्याचा जुना रिवाज. डोळा फसतो, तोंड फसत नाही, असे त्यांचे वरिष्ठ सांगत. आप्पांच्या अंगी हा रिवाज असा मुरला की जिन्याच्या पायऱ्या, जेवणातले घास आणि समारंभातली माणसे ते ओठांतल्या ओठांत मोजत राहत. स्वतःच्या लग्नातही मोजली होती. “मी नटूनथटून उभी,” काकू सांगत, “आणि हे मला म्हणतात, जरा थांबा, मागची रांग राहिली.”

काकू म्हणजे आप्पांच्या पत्नी. त्या साऱ्या गल्लीच्या काकू होत्या आणि त्यांच्या सोशिकपणालाही माप होते. निवृत्तीनंतर आप्पांनी स्वयंपाकघरातले सारे कप, चमचे आणि वाट्या तपासून त्यांपैकी निम्म्यांवर ‘अप्रमाणित’ अशी चिठ्ठी डकवली, त्या दिवशी ते माप भरले. त्यांनी वर्तमानपत्रातले एक निवेदन कापून आप्पांच्या चहाच्या कपाखाली ठेवले. शहरातल्या पक्षिमंडळाला घरच्या बागेत येणारे पक्षी मोजून त्यांची दिनचर्या टिपणारे स्वयंसेवक हवे होते.

“पक्षी ?” आप्पांनी विचारले.

“हो. जे उलट बोलत नाही असं काहीतरी मोजा.”

मंडळाचे नियम वाचून आप्पा हरखले. एका जागी बसावे, पक्ष्यांना दिसू नये. एका जातीचे एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसतील तितकेच धरावे. वरून उडून जाणारे धरू नयेत. पाळीव पक्षी गणनेत घेऊ नयेत, फक्त शेऱ्यात नोंदवावेत. आणि काही दिसले नाही तर तेही लिहावे, कारण न दिसणे हीसुद्धा नोंदच आहे. या शेवटच्या नियमाने आप्पांना भरून आले. इतका न्यायी विचार त्यांना उभ्या नोकरीत वरून आलेला आठवत नव्हता.

त्यांनी बसायची जागा निवडली ती बागेच्या कडेला, पाण्याच्या टाकीमागे, कुंपणाच्या दाट झुडपांना पाठ लावून. अंगावर एक जुनी तपकिरी चादर ओढून ते तिथे एका स्टुलावर बसत आणि समोरच्या दाण्यांच्या ताटलीवर नजर ठेवीत. ही जागा त्यांनी काकूंखेरीज कोणालाही सांगितली नव्हती. दिनचर्येच्या रकान्यात ते खात्याची भाषा वापरीत. ‘एक कबुतर, सबळ कारण न देता पाच वेळा ताटलीभोवती फिरले.’ ‘दोन चिमण्या, परस्परविरोधी दावे, निकाल लागला नाही.’

मंडळाचे प्रमुख दातांचे डॉक्टर होते. आयुष्यभर तोंड उघडे ठेवून बसलेल्या माणसांशी बोलत आल्यामुळे उत्तराची अपेक्षा ठेवायची नाही, अशी त्यांची सवय झाली होती. आप्पांचे उरलेसुरले दात काढून त्यांनीच त्यांना कवळी बसवून दिली. कवळी उत्तम होती. फक्त वरची किंचित सैल राहिली. चारचौघांत बोलताना आप्पा ती जिभेने दाबून धरीत, त्यामुळे कोणाच्या काही ध्यानात आले नाही. पुटपुटताना मात्र ती सुटी पडे, आणि पुटपुटणारा माणूस स्वतःचे पुटपुटणे कधी कान देऊन ऐकत नाही. “पुन्हा या, घट्ट करून देतो,” डॉक्टर म्हणाले होते. आप्पांनी मान डोलावली, आणि तेवढेच झाले.

त्याच सुमारास शेजारचे घर रिकामे झाले आणि तिथे विहीणबाई राहायला आल्या. आप्पांच्या मुलाला त्यांची मुलगी दिलेली. मुले दूरच्या शहरात. ती सुटीत आली की नात दोन्ही आज्यांना सारखीच मिळावी, एवढ्यासाठी विहीणबाईंनी हा खटाटोप केला. बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. सगळा जन्म कानाला यंत्र लावून गेला. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि शस्त्रक्रियेला त्या भीत होत्या. कान मात्र असा की रस्त्याने कोण चालले आहे हे त्या चपलेवरून सांगत.

पण शेजार जमेना. मुले सुटीत यायची ती चार दिवस, आणि बाकी वर्ष मोठे. “धाकट्या बहिणीकडे जाऊन राहते,” असे त्या काकूंना अधूनमधून म्हणू लागल्या. काकूंच्या काळजाला घरे पडली. दुपारच्या चहाला त्यांना प्रथमच असे कोणी मिळाले होते, जे त्यांचा कप आधी मोजून घेत नव्हते. त्यांनी विहीणबाईंचे नाव पक्षिमंडळात घातले.

“त्यांना दिसत नाही,” आप्पा म्हणाले.

“ऐकू येतं ना. तुम्ही बघा, त्या ऐकतील.”

आणि मग ती कानामागून आली आणि तिखट झाली. दुसऱ्याच मासिक सभेत विहीणबाईंनी उभे राहून सांगितले, की त्यांच्या आणि व्याह्यांच्या सामायिक कुंपणात एक अनोळखी पक्षी आहे. त्याची हाक दोन सुरांची. पहिला सूर लांब, हवेचा, ‘सुईऽऽ’ असा. दुसरा आखूड, मध्येच कातरलेला, ‘सुईत्’. एरवी गप्प असतो. चिमण्यांचा चिवचिवाट चांगला दाटला की मगच बोलतो.

“माझ्या मते तो पहारेकरी आहे,” त्या म्हणाल्या. “गर्दी फार झाली की चिमण्यांना सावध करतो.”

सभेने तोंडात बोट घातले. डॉक्टरांनी बाईंना पुढच्या खुर्चीवर बसवले आणि चहा पहिल्यांदा त्यांना दिला. आप्पांचा चहा त्या दिवशी थंड मिळाला. रोज त्याच कुंपणाला पाठ लावून बसणाऱ्या माणसाने हा पक्षी एकदाही ऐकू नये, आणि धड न दिसणाऱ्या बाईने आल्या आल्या ऐकावा, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते.

“व्याहीबुवा, तुमच्याच तर बाजूने येतो आवाज,” घरी परतताना विहीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला कसा नाही ऐकू आला ?”

“आम्ही मोजण्यात असतो,” आप्पा म्हणाले.

“तेच म्हणते मी. जरा गप्प बसून पाहा.”

आप्पा गप्प बसले. एक अख्खा आठवडा त्यांनी मोजणी बंद ठेवली, चादरीखाली श्वास रोखला, कानामागे हात धरला. चिमण्या आल्या, दाटल्या, भांडल्या, गेल्या. पक्षी बोलला नाही. पलीकडे विहीणबाईंनीही तो आठवडाभर ऐकला नाही, आणि त्या इतक्या खचल्या की त्यांनी बहिणीला फोन करून खोली रिकामी आहे का विचारले. कंटाळून आप्पांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली, आणि त्याच सकाळी विहीणबाई कुंपणावरून काकूंना हाक मारून म्हणाल्या, “आला हो, परत आला.” बहिणीला पुन्हा फोन गेला : एवढ्यात येत नाही.

“त्याचं माझ्याशी वाकडं आहे,” आप्पांनी निष्कर्ष काढला. “मी ऐकायला बसलो की मुद्दाम बोलत नाही.”

डॉक्टरांनी मग ठरवले की येत्या रविवारी सकाळी मंडळाने विहीणबाईंच्या ओसरीत बसून पक्षी स्वतः ऐकायचा आणि त्याची रीतसर नोंद करायची. विहीणबाईंनी बिस्किटे आणली, पडदे धुतले, मुलीला कळवले. त्या दिवसांत त्यांच्या बोलण्यात बहिणीचे नावही आले नाही.

शनिवारी दुपारी आप्पा अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. काकू टोपली धरून उभ्या होत्या.

“अहो, चिमटे किती झाले ?”

आप्पा पुटपुटू लागले. काकूंनी हात वर केला.

“पाच झाले ना. आता पुढचे दोन म्हणा. हळूच. तुम्ही मोजताना म्हणता तसेच.”

आप्पा म्हणाले. अंगणातून ‘सुईऽऽ, सुईत्’ असा स्वच्छ, गोड, दोन सुरांचा आवाज गेला. कुंपणापलीकडे भांड्यांची खणखण थांबली आणि विहीणबाईंचा हर्षाने भिजलेला आवाज आला, “काकू, ऐकलंत ? दुपारचाही बोलायला लागला.”

आप्पा हातात चिमटा धरून उभे राहिले.

“तुम्हाला केव्हापासून माहीत आहे ?” त्यांनी विचारले.

“कवळी बसवल्यापासून. लोकांचा काखेत कळसा असतो नि ते गावाला वळसा घालतात. तुमचा तर कळसा तोंडातच.”

“मग बोलला नाहीत ?”

“बोलले असते तर तुम्ही घट्ट करून आला असता. आणि त्या बहिणीकडे गेल्या असत्या.”

आप्पांनी रात्रीचे जेवण न मोजता केले, एवढ्यावरून त्यांच्या मनाची स्थिती समजावी. खरे सांगितले तर चारचौघांत विहीणबाईंचे हसे होणार : जिच्या कानावर शहराचे फोन चालले, तिने व्याह्याला पक्षी समजावे. गप्प बसले तर पक्षी बोलणार नाही, बाई थापाड्या ठरतील आणि सोमवारी सामान बांधतील. आणि बोलले, तर ज्या माणसाने आयुष्यात एकही खोटे वजन पुढे जाऊ दिले नाही, तो स्वतःच एक खोटा पक्षी नोंदीत घुसवणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये सैल कवळी.

सकाळपर्यंत त्यांनी एक तोड काढली. मोजणे हे त्यांचे काम होते. तोंडाने मोजणे ही त्यांची रीत होती. रविवार असो की आणखी काही, ते आपल्या जागी बसून समोर येईल तेवढेच मोजणार. पलीकडे कोणी काय ऐकावे, यावर निरीक्षकाचा अधिकार चालत नाही.

“म्हणजे शिट्टी वाजवणार,” काकू म्हणाल्या.

“मोजणार,” आप्पा म्हणाले.

मंडळ आले. पडद्यामागे सगळे चिडीचूप बसले. अलीकडे आप्पा चादरीखाली शिरले आणि ताटलीवर दृष्टी लावली. एक चिमणी आली. मग दोन. मग चार. मग एक लंगडी उडत आली, आणि पाच झाल्या. आप्पांनी “पाच” म्हटले आणि वाट पाहिली.

सहावी येईना.

येणार तरी कशी ? पलीकडच्या ओसरीत चहाबिस्किटांसाठी एवढी माणसे जमली होती, की गल्लीतल्या निम्म्या चिमण्या तिकडच्या चुऱ्यावर आशा लावून बसल्या होत्या. पाचजणी खात राहिल्या. पलीकडे कोणीतरी खाकरले. कोणाची तरी खुर्ची वाजली. “आज बहुतेक...” असे डॉक्टरांचे हळू बोलणे ऐकू आले, आणि त्यानंतर विहीणबाईंचा आवाज, नेहमीपेक्षा बारीक : “जरा थांबा ना. असतो तो. मी खोटं कशाला सांगेन ?”

आप्पांच्या ओठांवर आकडा तयार होता. एकदा, फक्त एकदा म्हटला असता तर सगळे मार्गी लागले असते. पण समोर चिमण्या पाच होत्या, आणि पाचांना सहा म्हणणे त्या तोंडाला येत नव्हते. जीभ उचलली जाईना. चादरीच्या भोकातून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिले. बुडणाऱ्याने काठाकडे पाहावे तसे ते पाहणे होते.

काकू खिडकीतच होत्या. त्यांनी काही विचारले नाही. धान्याचा सबंध डबा उचलून त्या दाराशी आल्या आणि नळाची बादली उपडी करावी तसा तो अंगणात उपडा केला.

मग जे झाले ते मोजायला आप्पाच हवे होते. छपरावरून, तारांवरून, पलीकडच्या ओसरीच्या आशेवरून चिमण्यांचे थवेच्या थवे कोसळले. आप्पांनी मोजायला घेतले. सहा, सात गेले : ‘सुईऽऽ, सुईत्.’ ओसरीत कोणीतरी श्वास आत ओढला. मग पक्षी थोडा गप्प झाला, सोळा-सतराला पुन्हा बोलला, आणि एकोणिसाच्या पुढे तर त्याला जणू कंठच फुटला. प्रत्येक आकड्याच्या शेपटीला एक शीळ. एकवीस, बावीस, तेवीस : शिळेमागून शीळ. सव्विसाला पुढूनही आणि मागूनही. सत्ताविसाला चादर उडाली, थवा उडाला आणि आप्पा स्टुलासकट टाकीमागे कलंडले. पण तोपर्यंत पडद्यामागे माणसे एकमेकांचे हात धरून उभी होती. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. विहीणबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, जशा त्या कधीकाळी टेलिफोनच्या फलकासमोर बसत असतील.

एकटे डॉक्टर मान तिरकी करून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर पक्षिप्रेमी माणसाचा आनंद नव्हता. आपले काम ओळखणाऱ्या कारागिराचा होता. निघताना ते कुंपणापाशी वाकले आणि झुडपांना उद्देशून म्हणाले, “आप्पा, उद्या दवाखान्यात या.”

दवाखान्यात आप्पांनी आ केला. डॉक्टरांनी वरची कवळी बोटाने हलवून पाहिली.

“घट्ट करू ?” त्यांनी विचारले आणि बोट काढले. उत्तरासाठी थांबायची त्यांची ही बहुधा पहिलीच वेळ.

“केली तर ?”

“पक्षी स्थलांतर करील.”

“आणि नाही केली तर नोंद खोटी ठरेल,” आप्पा म्हणाले. “मला ते चालायचं नाही.”

शेवटी तोड आप्पांनीच काढली, कारण नियम त्यांना तोंडपाठ होते. पाळीव पक्षी गणनेत घेऊ नयेत, फक्त शेऱ्यात नोंदवावेत. डॉक्टरांनी कागद ओढला आणि लिहिले : ‘दोन सुरांचा पक्षी, एक. आवाज मंडळाने समक्ष ऐकला. पाळीव. गणनेत धरलेला नाही.’ आप्पांनी ते पुन्हा पुन्हा वाचले. त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

“पाळीव म्हणजे कोणाचा ?” विहीणबाईंनी काकूंना विचारले.

“असेल कोणाचा तरी,” काकू म्हणाल्या. “अशांना सोडून दिलं तरी ते जात नाहीत.”

विहीणबाईंना हे पटले. पण कोणाचा आणि कसा दिसतो, ही रुखरुख त्यांना स्वस्थ बसू देईना. ज्या शस्त्रक्रियेला मुलीच्या आर्जवांनी त्या तयार झाल्या नव्हत्या, तिला एका पक्ष्यापायी तयार झाल्या. पट्टी निघाली, काळा चष्मा गेला, आणि एका गुरुवारी सकाळी चिवचिवाट दाटताच त्यांनी हलक्या पावलांनी येऊन कुंपणाची फांदी बाजूला केली. काय दिसले ते त्या कोणाला बोलल्या नाहीत. फांदी जागेवर ठेवून त्या घरात गेल्या, आणि आतून बराच वेळ उचकी लागल्यासारखा आवाज येत राहिला.

पुढच्या सभेत त्यांनी आपली नोंद उभे राहून वाचली.

“पक्षी प्रथमच दृष्टीस पडला. रंग तपकिरी. आकाराने बराच मोठा, पोट सुटलेले. बैठक स्टुलावर. उडताना आढळला नाही, उडण्याची शक्यताही दिसत नाही. दिनचर्या : सकाळी मोजणे, नंतर चहा. मादीच्या पहिल्या हाकेला ओ देत नाही. दुसऱ्या हाकेला धावत जातो.”

आधी डॉक्टर खाली पाहून खोकू लागले, आणि मग कोणालाच आवरले नाही. आप्पांचे कान लाल झाले. ते हळूहळू उभे राहिले.

“एक दुरुस्ती आहे,” ते कवळी जिभेने दाबून म्हणाले. “पोट सुटलेले, हे निरीक्षण नाही, मत आहे.”

“व्याहीबुवा, मी आता धडधडीत बघते,” विहीणबाई म्हणाल्या. “आणि हो, गुरुवारी तुम्ही सत्तावीस म्हणालात ते चुकलं. सव्वीसच होत्या. एक उडून जात होती, ती धरायची नसते.”

आप्पांनी आठवून पाहिले. बाईंचे खरे होते. ती दुरुस्ती त्यांनी जागच्या जागी स्वीकारली, आणि त्या दिवसापासून कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी एकच मोजणी चालू लागली. आप्पा मोजीत, विहीणबाई तपाशीत, आणि वाद झाला की काकू निकाल देत. बहिणीकडे जाण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. बहीणच दोनदा येऊन राहून गेली, खास पक्षी ऐकायला.

२०१९ साली आप्पा गेले, झोपेत, कवळी काढून ठेवलेली. ती काकूंनी त्यांच्या जुन्या पितळी वजनांच्या पेटीत, सर्वांत लहान वजनाच्या खाचेत ठेवली आहे. डॉक्टरांकडे ती घट्ट करायचे काम अजून बाकी लिहिलेले आहे आणि ते त्यांनी खोडलेले नाही. स्वयंपाकघरातल्या अप्रमाणित वाट्यांपैकी एकीवरची चिठ्ठी तशीच आहे. काकू त्या वाटीने रोज चिमण्यांना दाणे मोजून घालतात.

कुंपणाची नोंद विहीणबाई ठेवतात. चिमण्या, कबुतरे, कावळे झाल्यावर शेवटी एक ओळ त्या दर महिन्याला न चुकता लिहितात : ‘दोन सुरांचा पक्षी, पाळीव : शून्य.’ मंडळात आलेल्या एका नव्या सभासदाने त्यांना विचारले, “आजी, नाहीच येत तर ओळ काढून का टाकत नाही ?”

“नियम वाचा,” विहीणबाई म्हणाल्या. “न दिसणं हीसुद्धा नोंद असते.”